पाण्याखालची नांगरट

मराठीत शेतकऱ्याचा तो नांगर आणि खलाशाचाही नांगरच. इंग्रजीत या दोन वस्तूंना दोन वेगळे शब्द आहेत. आपल्या भाषेने एकाच शब्दात दोन्ही बसवल्या, आणि ज्या कोणी प्रथम तो शब्द समुद्रावर नेला त्याने जहाजाचा नांगर नीट पाहिलेला असावा. नांगर म्हणजे जड लोखंड, ते खाली टाकले की जहाज जागच्या जागी थांबते, अशी आपली समजूत असते. वस्तुतः नांगर वजनाने जहाज धरत नाही, तो तळाच्या मातीत शिरून धरतो. ओढला गेला की त्याचा फाळ जमिनीत घुसतो, आणि ओढ वाढली की माती फोडत पुढे सरकतो. शेतात हेच हवे असते. समुद्राच्या तळाशी तेलाचा किंवा वायूचा नळ पडलेला असेल तर मात्र ही नांगरट फार महागात पडते.

हा विषय साहित्याच्या व्यासपीठावर कशाला, असे एखाद्याला वाटेल. उत्तर आपल्या स्वयंपाकघरापासून सुरू करता येईल. वडोदरा, इंदूर किंवा ग्वाल्हेर या गावांतून समुद्र दिसत नाही. पण मुंबईच्या वायव्येस अरबी समुद्रात 'दक्षिण बसीन' नावाचे वायुक्षेत्र आहे. बसीन म्हणजे आपली वसई. तिथला वायू दोनशे किलोमीटरांहून लांब नळांतून समुद्रतळावरून सुरतेजवळच्या हजिऱ्याला येतो. हजिऱ्याहून निघालेली मोठी वाहिनी गुजरात ओलांडून झाबुआवरून गुना जिल्ह्यातल्या विजयपूरला जाते आणि पुढे उत्तर प्रदेशात जगदीशपूरपर्यंत पोहोचते. वडोदऱ्याजवळच्या कोयलीच्या तेलशुद्धीकरण कारखान्याला जे कच्चे तेल मिळते, त्यातले बरेचसे कच्छच्या आखातात वाडिनारजवळ, किनाऱ्यापासून दूर तरंगणाऱ्या बोयांना बांधलेल्या जहाजांतून उतरते आणि पाण्याखालच्या नळांतून जमिनीवर येते. तेव्हा समुद्र दूर असला तरी त्याच्या तळाशी काय घडते याच्याशी आपला रोजचा संबंध आहे.

आता हा नळ खाली कसा असतो ते पाहू. पोलादी नळ्या एकमेकींना जोडत जहाजावरून पाण्यात सोडल्या जातात. वायूने भरलेला नळ पाण्यात हलका होतो, मोठ्या व्यासाचा असेल तर तरंगूही लागेल. म्हणून त्यावर काँक्रीटचा थर चढवतात. या थराने नळाला थोडेफार संरक्षण मिळते हे खरे, पण त्याचे मुख्य काम वजन देणे हे आहे. 'नळ काँक्रीटमध्ये आहे' असे वाचले की तटबंदी डोळ्यांसमोर येते. ती काढून टाकावी. किनाऱ्याजवळ उथळ पाण्यात चर खणून नळ पुरतात, साधारण मीटरभर खोल. खोल पाण्यात तो बहुतेक वेळा तळावर नुसता पडलेला असतो. आणि पुरलेला नळ पुरलेलाच राहतो असेही नाही. खंबायतच्या आखातात भरती-ओहोटीचा फरक दहा मीटरच्या घरात जातो. असे पाणी दिवसातून चार वेळा ये-जा करते तेव्हा तळाची वाळू इकडची तिकडे होते. काल मातीखाली असलेला नळ उघडा पडतो, कुठे त्याच्याखालची वाळू निघून जाऊन तो पुलासारखा अधांतरी लोंबकळतो. असा लोंबकळणारा तुकडा नांगराला अडकायला सर्वांत सोपा.

जहाजावरच्या माणसाला या साऱ्याचा पत्ता एका नकाशावरून लागतो. सागरी नकाशावर पाण्याखालचा नळ किरमिजी-गुलाबी रंगाच्या रेघेने दाखवतात. जिथे नांगर टाकायला मनाई आहे तिथे त्याच रंगात नांगराचे चित्र काढून त्यावर काट मारलेली असते. म्हणजे नळाचे सगळे संरक्षण, शेवटी, कुणीतरी ती रेघ पाहिली की नाही यावर येऊन ठेपते.

नांगरापासून नळाला धोका होतो तो मुख्यतः तीन तऱ्हांनी. पहिली तऱ्हा सरळ आहे: आणीबाणीत, यंत्र बंद पडले किंवा टक्कर टाळायची आहे म्हणून, जहाज जिथे असेल तिथे नांगर सोडते. दुसरी तऱ्हा वादळातली. जहाज नांगरून उभे आहे, वारा वाढतो, नांगराची पकड सुटते आणि जहाज नांगर ओढत सरकू लागते. नांगराची पकड टिकते ती साखळीमुळे. साखळी पाण्याच्या खोलीच्या पाच-सहा पट सोडतात; तिचा बराचसा भाग तळावर आडवा पडतो, त्यामुळे नांगरावरची ओढ आडवी राहते आणि फाळ जमिनीत रुतून राहतो. वाऱ्याने जहाज इतके मागे रेटले की सगळी साखळी ताणून उचलली गेली, तर ओढ वरच्या दिशेने होते आणि फाळ निघतो. गोव्याच्या वाचकांना हे सांगायला नको. २००० सालच्या जूनमध्ये 'रिव्हर प्रिन्सेस' हे जहाज पावसाळी वाऱ्यात कांदोळीच्या किनाऱ्यावर येऊन रुतले आणि दहा वर्षांहून अधिक काळ तिथेच सडत राहिले. २०१९ च्या ऑक्टोबरात नाफ्त्याने भरलेले 'नु शी नलिनी' मुरगावहून वाहत येऊन दोनापावलाजवळच्या खडकांत बसले. किनाऱ्यावर आलेले जहाज सगळ्यांना दिसते. येता येता ते तळावर काय काय खरवडत आले, ते कोणी पाहत नाही.

तिसरी तऱ्हा ऐकून विश्वास बसत नाही, पण ती खरी आहे: जहाज चालू असताना नांगर आपोआप सुटतो आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. नांगर जहाजाच्या नाकाशी लटकत असतो. त्याची साखळी एका यांत्रिक रहाटावर असते, त्या रहाटाला ब्रेकचा पट्टा असतो, आणि शिवाय साखळी अडवून धरणारी अडणी असते. ब्रेकचा पट्टा झिजला, अडणी नीट बसली नाही, आणि लाटांनी जहाज हिसकत राहिले, तर साखळी सरकू लागते. सुकाणूघर जहाजाच्या मागच्या टोकाला असते; मोठ्या जहाजावर ते दोनशे-अडीचशे मीटर मागे. रात्र आहे, वारा घोंघावतो आहे. पुढे साखळीचा खडखडाट झाला तरी मागे ऐकू येत नाही. जहाज वेगात असेल तर नांगर पाण्याच्या रेट्याने मागे उचलला जाऊन काही काळ तळाला टेकतही नाही. मग पुढे उथळ पाणी लागते.

१ एप्रिल २०१८ रोजी अमेरिकेत मॅकिनॉच्या सामुद्रधुनीत हेच घडले. मिशिगन आणि ह्युरॉन ही दोन महासरोवरे या चिंचोळ्या पाण्याने जोडलेली आहेत. इथल्या पाण्याला एक खोड आहे: हवेच्या दाबाप्रमाणे आणि वाऱ्याप्रमाणे प्रवाह कधी पूर्वेकडे, कधी पश्चिमेकडे वाहतो. या सामुद्रधुनीवरचा प्रसिद्ध झुलता पूल १९५७ साली खुला झाला. त्याच्याही चार वर्षे आधी, १९५३ मध्ये, तिथे तळावर तेलाचे दोन समांतर नळ टाकले गेले. 'लाइन ५' नावाच्या त्या वाहिनीतून रोज ५ लाख ४० हजार पिंपांपर्यंत कच्चे तेल आणि द्रवरूप इंधन विस्कॉन्सिनमधून कॅनडातल्या सार्नियाला जाते. सामुद्रधुनीखाली प्रत्येक नळ २० इंच व्यासाचा, भिंत सुमारे २० मिलिमीटर जाड, लांबी साधारण सात किलोमीटर. किनाऱ्याजवळ पुरलेला, मध्ये खोल पाण्यात उघडा.

त्या दिवशी संध्याकाळी एक टग आणि तिने ढकललेला बार्ज पश्चिमेकडे जात होते. त्यांचा उजव्या बाजूचा नांगर सुटून तळावरून ओढला जातो आहे याची खलाशांना कल्पना नव्हती. त्या नांगराने आधी सामुद्रधुनीखालून जाणाऱ्या उच्च दाबाच्या वीजतारा तोडल्या. त्यांच्या आत विद्युतरोधनासाठी भरलेले खनिज तेल शेकडो गॅलन पाण्यात गेले. मग नांगर लाइन ५ च्या नळांवरून गेला. तीन ठिकाणी पोच पडले, प्रत्येक इंचाच्या आतला. नळ फुटला नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने पुढे चौकशी करून सांगितले की ब्रेकचा पट्टा नीट जुळवलेला नव्हता आणि नांगर पुरता पक्का केलेला नव्हता.

इंचाच्या आतला पोच, एवढ्यासाठी इतके का लिहायचे? महासरोवरांत पृथ्वीच्या पृष्ठभागावरच्या गोड्या पाण्याचा सुमारे पाचवा हिस्सा आहे, आणि कोट्यवधी माणसे ते पाणी पितात. आणि दुसरे म्हणजे, या घटनेच्या आदल्याच वर्षी, २०१७ मध्ये, मिशिगन राज्याने करवून घेतलेल्या एका तांत्रिक अहवालात या नळांना असलेल्या धोक्यांची तुलना केली होती. गंज, जुनेपणा, अधांतरी तुकडे, सगळे तपासून त्यात निष्कर्ष काढला होता की सर्वांत मोठा धोका चालत्या जहाजाच्या अनवधानाने सुटलेल्या नांगराचा आहे. अहवालाची शाई वाळते न वाळते तोच नांगर आला. असे भाकीत खरे ठरल्याचा आनंद अहवाल लिहिणाऱ्यांनाही झाला नसेल.

पुढची गोष्ट अधिकच बोलकी. २०२० च्या जूनमध्ये त्याच नळांच्या आधारासाठी बसवलेला एक लोखंडी टेकू निसटलेला आढळला, आणि दुसऱ्या नळावर घासल्याच्या खुणा. कुठल्या जहाजाने केले? कंपनीनेच शोध घेतला तेव्हा संशयित पाच जहाजे निघाली, आणि त्यांतली चार तिच्याच कंत्राटदारांची होती, म्हणजे नळांची देखभाल करायला आलेली. गर्दीच्या पाण्यात धोका फक्त परक्या जहाजाचाच असतो असे नाही. दुरुस्तीला येणारी नौकाही नांगर, दोर आणि तारा घेऊन येते, आणि ती तर नेमकी नळाच्या डोक्यावरच उभी राहते.

मॅकिनॉला नळ वाचला. लॉस एंजेलिस आणि लाँग बीच या जोड बंदरांबाहेर, सॅन पेड्रोच्या उपसागरात, तो वाचला नाही. आणि तिथे जे झाले त्यात मला सर्वांत महत्त्वाचा धडा दिसतो, म्हणून त्यावर थोडे जास्त थांबतो. २०२१ च्या आरंभी महामारीमुळे मालाची वाहतूक विस्कळीत झाली होती. लोक घरी बसून वस्तू मागवत होते, धक्क्यावर मजूर कमी होते, आणि बंदराबाहेर कंटेनरजहाजांची रांग लागली होती. ही जहाजे ठरवून दिलेल्या जागी नांगरून उभी होती. त्या जागांजवळूनच, समुद्रातल्या 'एली' नावाच्या तेलफलाटापासून किनाऱ्यापर्यंत, १९८० च्या सुमारास टाकलेला १६ इंची नळ जात होता.

२५ जानेवारी २०२१ रोजी जोराचे वारे सुटले. दोन कंटेनरजहाजांचे नांगर घसटले आणि त्यांनी नळ ओढला. सुमारे सव्वा किलोमीटर लांबीचा नळ धनुष्यासारखा वाकून जागेवरून सरकला, मध्ये तीस मीटरहून अधिक. वरचे काँक्रीट फुटले. पण तेल बाहेर आले नाही. बंदराच्या वाहतूक नियंत्रणाला ही दोन्ही जहाजे सरकताना पडद्यावर दिसत होती. नळाच्या मालकाला मात्र कोणी काही कळवले नाही. मालकाने विचारले नाही, कारण विचारण्यासारखे काही घडले आहे हेच त्याला ठाऊक नव्हते. आणि वाकलेल्या नळातून पुढचे आठ महिने तेल वाहत राहिले.

पोलादाची ही जात लक्षात घेण्यासारखी आहे. नळ वाकला, त्यावर ओरखडा पडला, की लगेच फुटेलच असे नाही. पण आतला दाब रोज थोडा चढतो-उतरतो, बाहेर लाटा हलवतात, आणि ओरखड्याच्या कोपऱ्यात केसाएवढी चीर जन्म घेते. तार वाकवून वाकवून आपण तोडतो, तसेच हे. फक्त वाकवणारा हात फार हलका आणि फार चिकाटीचा असतो. १ ऑक्टोबरच्या दुपारी चीर उघडली. नियंत्रणकक्षात गळतीची घंटा वाजली. तिथल्या माणसांना ती खोटी वाटली. त्यांनी पंप थांबवला, पुन्हा चालू केला, पुन्हा घंटा. असे आठ वेळा, जवळजवळ चौदा तास. दरम्यान किनाऱ्यावरच्या लोकांना तेलाचा वास येत होता. अखेर दुसऱ्या दिवशी पहाटे नळ बंद झाला. सुमारे ५८८ पिंपे तेल समुद्रात गेले होते. हंटिंग्टन बीचचा किनारा काळा झाला, मासेमारी बंद झाली.

कंपनीने पुढे न्यायालयात निष्काळजीपणाचा गुन्हा कबूल केला. नियंत्रणकक्षातल्या माणसांना पुरेसे शिक्षण नव्हते हे चौकशीत स्पष्ट झाले. पण डिसेंबर २०२३ मध्ये सुरक्षा मंडळाने जे मूळ कारण नोंदवले ते या सगळ्यांच्या पलीकडचे आहे: नांगरण्यासाठी ठरवून दिलेल्या जागा नळाच्या फार जवळ होत्या. जहाज नेमून दिलेल्या जागी उभे होते. नळ परवानगी घेऊन टाकलेला होता. नकाशावर दोन्ही छापलेले होते. प्रत्येकाने आपापला नियम पाळला होता, आणि त्या नियमांमध्ये जे अंतर असायला हवे होते ते ठरवण्याची जबाबदारी एका कोणाची नव्हती. मला वाटते, या विषयातले निम्मे अपघात याच मोकळ्या जागेत होतात.

पाच जण मेले ती गोष्ट इंडोनेशियातली, आणि तिची तारीख पाहून मी चमकलो: ३१ मार्च २०१८, मॅकिनॉच्या घटनेच्या आदल्या दिवशी. बोर्नियोच्या पूर्व किनाऱ्यावरच्या बालिकपापानच्या उपसागरात कोळसा न्यायला आलेल्या एका जहाजाचा नांगर तळावरच्या तेलवाहिनीत अडकला आणि ती शंभर मीटरहून अधिक ओढली गेली. वर आलेले तेल पेटले. मृतांत मासे धरायला गेलेली माणसे होती. सुरुवातीला तेलकंपनी म्हणत होती की हे तेल आमचे नव्हे, जहाजातून सांडलेले असावे. पाणबुडे खाली गेले तेव्हा तुटलेला नळ सापडला. आपल्या नळाला काय झाले हे मालकालाच सर्वांत शेवटी कळावे, हे इथेही तसेच.

फिनलंड आणि एस्टोनिया यांना जोडणारी ७७ किलोमीटरची 'बाल्टिककनेक्टर' वायुवाहिनी ८ ऑक्टोबर २०२३ च्या रात्री अशीच फुटली. जवळच तळावर सहा टनांचा नांगर सापडला, आणि तो हाँगकाँगचा झेंडा लावलेल्या एका जहाजाचा निघाला. युक्रेनच्या युद्धामुळे तिथे लगेच घातपाताची चर्चा सुरू झाली. वादळात अपघाताने झाले असे चीनने नंतर म्हटले. हेतूविषयी वाद होत राहील. नळाच्या दृष्टीने पाहिले तर हेतू असो वा नसो, लोखंड तेच आणि जखमही तीच. आणि म्हणूनच अपघाताला नीट आवर घातला नाही तर घातपात ओळखायचा कसा, हा प्रश्न त्या देशांना आता छळतो आहे.

मुंबईची गोष्ट नांगराची नाही, पण तिच्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही. तळावरचा नळ कुठेतरी वर येतोच. तेलफलाटाच्या खांबालगत तो समुद्रतळापासून वरच्या मजल्यापर्यंत उभा चढतो; या उभ्या नळाला राइझर म्हणतात. पाण्याच्या पातळीशी तो उघडा असतो, आणि तिथेच नौका येऊन टेकतात. २६ जुलै २००५ च्या महापुराने मुंबई बुडाली, ती सर्वांच्या स्मरणात आहे. त्याच्या दुसऱ्या दिवशी मुंबई हायमध्ये 'समुद्र सुरक्षा' या नौकेवरच्या स्वयंपाक्याच्या बोटांना जखम झाली. हेलिकॉप्टर हवामानामुळे उडू शकत नव्हते, तेव्हा त्याला मुंबई हाय नॉर्थ फलाटावर घ्यायचे ठरले. माणुसकीला धरूनच होते ते. पाळण्यातून त्याला वर घेतले गेले. परतताना फुगलेल्या समुद्रात नौकेला आपली जागा राखता आली नाही आणि ती राइझरवर आदळली. वायू सुटला, पेटला, आणि उष्णतेने शेजारचे राइझर फुटत गेले. सात मजली फलाट सुमारे दोन तासांत जळून समुद्रात गेला. सर्व नौका-फलाट मिळून ३८४ माणसे होती, त्यांतली ३६२ वाचली. २२ गेली. नौकाही काही दिवसांनी बुडाली.

त्या राइझरला अशी टक्कर झेलेल असे कवच नव्हते. ज्या बाजूला नौका माल द्यायला येतात त्याच बाजूला ज्वालाग्राही वायूचे उभे नळ असावेत का, हा प्रश्न त्यानंतर जगभर विचारला गेला. चक्रीवादळ 'तौक्ते' मे २०२१ मध्ये आले तेव्हा त्याच समुद्रात कामगारांनी भरलेल्या 'पी-३०५' या बार्जचे नांगर तुटले आणि तो वाहवत जाऊन बुडाला. सत्तरहून अधिक कामगार मेले. तेलक्षेत्रात नांगर तुटलेली नौका म्हणजे चोहोबाजूंना फलाट आणि खाली नळांचे जाळे. त्या रात्री माणसे गेली एवढेच पुरे दुःखाचे होते. आणखी काय होऊ शकले असते हे त्या क्षेत्राचा नकाशा पाहिला की कळते.

आता उपाय. नळ पुरावा, हे पहिले सुचते. पण वाळूत नांगराचा फाळ आपल्या लांबीइतका शिरतो, आणि मऊ चिखलात त्याच्या तिप्पट ते पाचपट. मोठ्या जहाजाचा फाळ दीड-दोन मीटरचा असतो. आपल्या पश्चिम किनाऱ्याच्या खाड्यांच्या मुखाशी आणि आखातांत बहुतेक चिखलच आहे. मीटरभर खोल पुरलेला नळ अशा नांगराला उघड्यासारखाच. त्यापेक्षा नळावर दगडांचा उतरता बांध घालणे अधिक उपयोगी पडते, कारण दगडांत फाळ शिरण्याऐवजी वर उचलला जातो. ते महाग असते, म्हणून जहाजांच्या वाटेवर तेवढे करतात. मॅकिनॉमध्ये नळ खडकाखालच्या बोगद्यात न्यायचा प्रस्ताव २०१८ पासून चालू आहे. त्यावर इतके खटले आणि वाद झाले आहेत की बोगदा नको, वाहिनीच बंद करा, असेही म्हणणारे पुष्कळ आहेत.

मला अधिक आश्वासक वाटतो तो उपाय सॅन पेड्रोला निघाला, आणि त्यात एक घनफूटही दगड लागला नाही. २०२१ च्या नोव्हेंबरात तिथल्या जहाजकंपन्यांनी रांगेची पद्धत बदलली. पूर्वी बंदराबाहेर येऊन नांगर टाकला की नंबर लागे, म्हणून सगळे धावत येत आणि गर्दी करून उभे राहत. आता मागच्या बंदरातून निघतानाच नंबर मिळू लागला. मग घाई कशाला? जहाजे सावकाश येऊ लागली, दूर खोल समुद्रात थांबू लागली. बँकेत टोकन मिळाले की माणूस खिडकीशी रेटारेटी करत नाही, इतकी साधी कल्पना. त्याचबरोबर सुरक्षा मंडळाने सांगितले की नांगरण्याच्या जागा नळापासून लांब न्याव्यात, आणि जहाज नळावरून सरकले तर नियंत्रणकक्षाने नळाच्या मालकाला कळवावे. आज प्रत्येक मोठ्या जहाजाची जागा दर काही सेकंदांनी प्रसारित होत असते. ती माहिती गर्दीच्या बंदरात आधीपासूनच पडद्यावर असते. ती योग्य माणसापर्यंत पोहोचवायला एक फोन लागतो.

कायद्याने या प्रश्नाकडे फार पूर्वी पाहिले होते. १८८४ साली पॅरिसमध्ये समुद्राखालच्या तारायंत्राच्या तारांविषयी करार झाला, तेव्हा समुद्रतळावरच्या तेलाच्या नळांचा विचार त्यात नव्हता. त्याच्या सातव्या कलमात एक व्यवहारी गोष्ट आहे. जहाजाचा नांगर किंवा जाळे तारेत अडकले, आणि तार तुटू नये म्हणून मालकाने तो नांगर किंवा ते जाळे सोडून दिले, तर त्याची किंमत तारेच्या मालकाने त्याला भरून द्यावी. १९८२ च्या समुद्रविषयक कायद्याच्या संयुक्त राष्ट्रांच्या करारात हीच तरतूद नळांनाही लावली गेली, आणि तो करार भारताने मान्य केलेला आहे. कोळ्याच्या जाळ्यापासून मोठ्या जहाजाच्या नांगरापर्यंत ती सर्वांना लागू होते, अट एवढीच की त्याने आधी वाजवी काळजी घेतलेली असावी. भरपाई हवी असेल तर शक्य तोवर अपघातानंतर लगेच खलाशांच्या साक्षीने लेखी नोंद करावी, आणि पहिल्या बंदराला लागल्यावर चोवीस तासांच्या आत तिथल्या अधिकाऱ्यांपुढे जबानी द्यावी, असेही त्या जुन्या करारात सांगून ठेवले आहे.